मॅनोमीटरने दाबातला फरक मोजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोगशाळेतले विद्यार्थी, कारखान्यात देखभाल बघणारी मंडळी आणि पंखे-फिल्टरच्या कामातले तंत्रज्ञ यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे पुढे अडचणीचे होत जातात. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. मॅनोमीटर नेमकं काय मोजतो?

दोन ठिकाणच्या दाबांमधला फरक. यू आकाराच्या काचेच्या नळीत थोडा द्रव असतो. एक तोंड एका जागी जोडायचं, दुसरं दुसऱ्या जागी. जिकडे दाब जास्त तिकडची पातळी खाली ढकलली जाते, दुसरीकडची वर चढते. दोन पातळ्यांमध्ये उभ्या रेषेत जेवढं अंतर पडतं तेवढ्या उंचीच्या द्रवाचं वजन तो दाबफरक तोलून धरत असतं. आत स्प्रिंग नाही, काटा नाही, सर्किट नाही. १६६१ मध्ये क्रिस्तियान हायगेन्सने यू-नळीचा मॅनोमीटर मांडला आणि त्यामागचं तत्त्व आजही तसंच वापरलं जातं.

२. मग बॅरोमीटर आणि प्रेशर गेज यांच्यात आणि याच्यात काय फरक?

दुसरं तोंड कुठे आहे, एवढाच प्रश्न विचारा. दुसरं तोंड उघड्या हवेत असेल तर मिळतो तो गेज दाब, म्हणजे वातावरणापेक्षा किती जास्त किंवा कमी. दुसरं तोंड बंद असून त्यात निर्वात पोकळी असेल तर मिळतो निरपेक्ष दाब. बॅरोमीटर याच दुसऱ्या जातीतला: तोरिचेल्लीने १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्याची नळी उलटी उभी केली, तेव्हा वरच्या टोकाला पोकळी होती आणि खालच्या बाजूला वातावरण. दोन्ही तोंडं यंत्रणेलाच जोडलेली असतील तर वातावरणाचा संबंधच उरत नाही आणि मिळतो तो निव्वळ दाबफरक.

गोल तबकडीचं, काट्याचं प्रेशर गेज वेगळं. त्यात वाकवलेली धातूची नळी दाबाने किंचित सरळ होते आणि काटा फिरवते. जास्त दाबासाठी ते सोयीचं, पण काही पास्कलांचा फरक त्याला कळत नाही.

३. उंचीवरून दाब कसा काढायचा?

दाबफरक = द्रवाची घनता × गुरुत्वत्वरण × पातळ्यांमधलं उभं अंतर. घनता किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये घेतली की उत्तर पास्कलमध्ये येतं.

रोजच्या कामाला हे आकडे तोंडपाठ असले की पुरतं: १ मिमी पाणी म्हणजे ९.८१ पास्कल, १ मिमी पारा म्हणजे १३३.३ पास्कल, १ इंच पाणी म्हणजे सुमारे २४९ पास्कल. १ बार म्हणजे १०.२ मीटर पाणी. प्रमाण वातावरणीय दाब १,०१,३२५ पास्कल, म्हणजे ७६० मिमी पारा किंवा सुमारे १०.३ मीटर पाणी. शेवटच्या आकड्यावरून लक्षात येईल की पाण्याचा मॅनोमीटर कमी दाबाच्याच कामाचा का.

मात्र वरचं सूत्र वातावरणाला उघड्या किंवा हवेने भरलेल्या जोडण्यांपुरतं आहे. जोडनळ्यांमध्येही पाणी किंवा तेल असेल तर प्रश्न ५ वाचल्याशिवाय आकडा लिहू नका.

४. एक भुजा जाड आणि एक बारीक असेल तर फरक पडतो का?

पातळ्यांमधल्या अंतरावर पडत नाही. दाब उंचीवर ठरतो, नळीच्या जाडीवर नाही. जाड भुजेत पातळी कमी हलेल, बारीक भुजेत जास्त हलेल, पण दोघींमधलं अंतर तेवढंच राहील.

अडचण येते ती नळी फार बारीक असली की. २ मिमी व्यासाच्या स्वच्छ काचेच्या नळीत पाणी केशाकर्षणाने आपोआप सुमारे १५ मिमी चढतं. तेवढ्याच नळीत पारा उलट साडेपाच मिमीच्या आसपास खाली दबतो. दोन्ही भुजा सारख्याच व्यासाच्या असतील तर हा परिणाम दोन्हीकडे सारखा होऊन कटतो, पण एका भुजेत तेलकट थर असला की कटत नाही. म्हणून निदान ८-१० मिमी आतला व्यास घ्या आणि काच स्वच्छ ठेवा.

५. गणितात कुठे अधिक आणि कुठे वजा, हेच कळत नाही. प्रत्येक मांडणीचं सूत्र वेगळं पाठ करायचं का?

नाही. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: एका टोकापासून निघा आणि नळीतून चालत दुसऱ्या टोकाला जा. खाली उतरलात की त्या द्रवाची घनता × गुरुत्व × उतरलेली उंची अधिक करा. वर चढलात की वजा करा. आडवं गेलात तर काहीच करू नका. एकाच सलग द्रवात एका पातळीवर दोन्ही भुजांमध्ये दाब सारखाच असतो, त्यामुळे तळाचं वळण सरळ ओलांडून जाता येतं. कितीही वेडीवाकडी, कितीही द्रवांची नळी असो, या चालीने सुटते.

उदाहरण घेऊ. आडव्या पाइपमधून पाणी वाहतंय, मध्ये ओरिफिस प्लेट (मधोमध भोक असलेली चकती) आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना जोडलेल्या यू-नळीत पारा आहे. जोडनळ्या पाण्याने भरलेल्या. पाऱ्याच्या पातळ्यांमध्ये ८० मिमी फरक दिसतो.

प्लेटच्या आधीच्या, जास्त दाबाच्या टॅपिंगपासून (पाइपला जोडनळी लावायच्या भोकापासून) निघू. पाण्यातून खाली उतरत त्या भुजेतल्या पाऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत या. ही उंची मोजलेली नाही, तिला ‘क्ष’ म्हणा. अधिक क्ष, पाण्याचे. आता त्याच पातळीवर दुसऱ्या भुजेत जा, काही बदल नाही. तिथून ८० मिमी पाऱ्यातून वर चढा: वजा ८०, पाऱ्याचे. उरलं क्ष वजा ८०, पुन्हा पाण्यातून वर: तेवढं पाण्याचं वजा. बेरीज केली की क्ष निघून जातो. शिल्लक राहतात ८० मिमी पारा वजा ८० मिमी पाणी.

पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून उत्तर ८० × १२.६ = १००८ मिमी पाणी, म्हणजे सुमारे ९.८९ किलोपास्कल. सरसकट १३.६ ने गुणलं असतं तर १०८८ मिमी आलं असतं, जवळजवळ ८ टक्के जास्त. प्रयोगवह्यांमध्ये सगळ्यात जास्त सापडणारी चूक हीच आहे. पाऱ्याच्या ८० मिमीच्या समोर, पलीकडच्या भुजेत ८० मिमी पाणी उभं आहे आणि तेही वजन टाकतंय, हे सूत्र पाठ करणाऱ्याला दिसत नाही. चालत जाणाऱ्याला ते चुकवताच येत नाही.

जोडनळ्यांमध्ये हवा असती तर? चाल तीच, फक्त हवेचं वजन नगण्य म्हणून सोडून दिलं असतं. ते कधी सोडायचं नाही, हे प्रश्न २१ मध्ये आहे.

६. कोणता द्रव भरू?

आधी अपेक्षित दाबफरक ठरवा, मग त्याला किती उंच नळी लागेल ते बघा. हलका द्रव म्हणजे जास्त हालचाल, बारीक वाचन, पण पल्ला कमी. जड द्रव म्हणजे उलटं.

याचं उत्तम उदाहरण रक्तदाबाच्या इतिहासात आहे. स्टीफन हेल्सने १७३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घोडीच्या धमनीला उभी काचेची नळी जोडली, तेव्हा रक्त ८ फुटांहून वर चढलं. म्हणजे मोजमाप घ्यायला माणसाच्या डोक्यावरून जाणारी नळी. १८२८ मध्ये प्वाझय यांनी त्याच कामासाठी पाऱ्याची यू-नळी वापरली आणि तीच उंची हातभर नळीत आली. रक्तदाब आजही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात तो त्यामुळेच. १२० मिमी पारा म्हणजे १.६३ मीटर पाणी!

पंखे, डक्ट, फिल्टर यांच्यासाठी पाणी किंवा मॅनोमीटरचं रंगीत तेल. तेलाचा पृष्ठताण कमी, त्यामुळे पातळी काचेला अडकत नाही आणि बाष्पीभवनही कमी. त्याची सापेक्ष घनता (पाण्याच्या तुलनेतली) बहुधा ०.८२६ असते, पण बाटलीवर बघून खात्री करा. पाणीच वापरायचं असेल तर थोडा रंग घाला, पण एवढा नको की घनता बदलेल.

आणखी दोन अटी. भरलेला द्रव मोजायच्या द्रवात मिसळता कामा नये आणि त्याची त्याच्याशी किंवा जोडण्यांशी रासायनिक क्रिया होता कामा नये. पारा पितळ, तांबं आणि ॲल्युमिनियम खातो. अमोनियाशी त्याची स्फोटक संयुगं बनू शकतात, म्हणून अमोनियाच्या लाइनवर पारा अजिबात नको.

७. पाऱ्याचा मॅनोमीटर अजून वापरावा का?

नवीन घेऊ नका, एवढं स्पष्ट मत. पाऱ्याची वाफ विषारी आहे आणि ती साध्या खोलीच्या तापमानालाही निघत असते. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला. त्यात पाऱ्याच्या मोजमाप उपकरणांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२० पर्यंत थांबवायचं ठरलं. योग्य पर्याय उपलब्ध नसलेली अतिअचूक मोजमापं आणि मोठ्या यंत्रणेत बसवलेली उपकरणं यांना सूट आहे.

जुना असेल तर त्याच्याखाली काठ असलेला ट्रे ठेवा, वरच्या तोंडांना पारा अडवणारे सापळे बसवा, खोली हवेशीर ठेवा. पारा सांडला तर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, थेंब फुटून वाफ पसरते. माणसं बाहेर काढा, खिडक्या उघडा आणि पाऱ्यासाठीचा संकलन संच वापरा.

८. वाचन नेमकं कुठे घ्यायचं, वक्राच्या वर की खाली?

पाणी आणि तेल काचेला चिकटून कडेने चढतात, त्यांचा पृष्ठभाग मध्ये खोलगट दिसतो. वाचन तळाला घ्या. पारा मध्ये फुगीर असतो, वाचन माथ्याला. डोळा बरोबर त्या पातळीत हवा. मोजपट्टीमागे आरशाची पट्टी असेल तर वक्र आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक येईपर्यंत मान हलवा.

पाऱ्याच्या बाबतीत आणखी एक सवय लावून घ्या. वाचनाआधी नळीवर बोटाने हलकी टिचकी मारा. पातळी खाली येत असताना पाऱ्याचा माथा चपटा पडतो, कडा काचेला धरून राहतात. टिचकी मारली की माथा पुन्हा गोल होतो आणि पातळी अर्धा-एक मिमी सरकलेली दिसते. खरं वाचन ते.

९. एकाच भुजेचं वाचून दुप्पट केलं तर चालेल का?

दोन्ही भुजा तंतोतंत एकाच व्यासाच्या असतील आणि सुरुवातीला पातळी शून्यावर असेल तरच. काचेच्या नळ्या तेवढ्या सारख्या क्वचितच असतात. दोन्ही भुजा वाचून बेरीज करा. याचा फायदा असा की शून्य दोन-चार मिमी सरकलेलं असलं तरी बेरीज बरोबर येते: एकीकडे जे वाढतं ते दुसरीकडे घटतं.

१०. दोन्ही तोंडं उघडी ठेवली तरी पातळ्या सारख्या येत नाहीत. का?

बहुतेक वेळा मॅनोमीटर कलंडलेला असतो किंवा मोजपट्टी तिरकी बसलेली असते. ते नसेल तर एका भुजेत द्रवाच्या मधोमध बुडबुडा अडकलेला असतो (प्रश्न १३), एखादी नळी घाण असते (प्रश्न ४), किंवा ‘उघडं’ तोंड खरं तर उघडं नसतं. झाकण, वाळलेला तेलाचा थर, कीटकाने केलेलं घर, सगळं तपासा.

११. तिरका मॅनोमीटर जास्त अचूक असतो, हे खरं का?

जास्त संवेदनशील असतो. अचूक असेलच असं नाही. नळी तिरकी केली की तेवढीच उभी उंची गाठायला द्रवाला लांब धाव घ्यावी लागते. उभी उंची = नळीवरची लांबी × कोनाचा साइन. आडव्याशी ३० अंशांत नळी दुप्पट ताणून दाखवते. एकास दहा उतारात, म्हणजे सुमारे ५.७ अंशांत, दहापट. क्लीनरूममध्ये, म्हणजे हवा गाळून धूळमुक्त ठेवलेल्या खोल्यांमध्ये, शेजारशेजारच्या दोन खोल्यांत १०-१५ पास्कल फरक राखायचा असतो. उभ्या पाण्याच्या नळीत तो जेमतेम दीड मिमी दिसेल, तिरक्यात १०-१५ मिमी.

आता किंमत बघा. एकास दहा उताराची नळी बसवताना कोन फक्त अर्ध्या अंशाने चुकला तर वाचन जवळपास ९ टक्क्यांनी चुकतं. म्हणून तिरक्या मॅनोमीटरवर पाणपातळीची बुडबुडानळी आणि समतल करायचे स्क्रू असतात. ते शोभेचे नाहीत. दर वेळी समतल करा, मगच शून्य लावा.

१२. टाकीवाल्या, एकाच नळीच्या मॅनोमीटरची पट्टी फुटली. साधी मिलिमीटरची पट्टी लावू का?

नको. या प्रकारात एक भुजा म्हणजे रुंद टाकी असते. नळीत द्रव चढतो तेव्हा टाकीतली पातळी थोडी उतरतेच, आणि ती कोणी वाचत नाही. नळी ६ मिमीची आणि टाकी ६० मिमीची असेल तर क्षेत्रफळांचं गुणोत्तर शंभरास एक. नळीत १०० मिमी चढलं म्हणजे खरा फरक १०१ मिमी. बनवणारे पट्टीवरच्या खुणाच तेवढ्या जवळजवळ छापून ही दुरुस्ती आधीच करून ठेवतात. साधी पट्टी लावलीत तर दर वेळी एक टक्का कमी वाचाल. लावायचीच असेल तर (१ + नळीचं क्षेत्रफळ ÷ टाकीचं क्षेत्रफळ) ने गुणा.

१३. जोडनळीत बुडबुडे असले तर किती बिघडतं?

बुडबुडा कुठे आहे त्यावर अवलंबून. पाण्याने भरलेल्या जोडनळीच्या उभ्या भागात नळीची पूर्ण जाडी व्यापणारा ५० मिमी लांबीचा बुडबुडा असेल तर ५० मिमी पाण्याचं वजन गायब झालं, म्हणजे सुमारे ४९० पास्कलची चूक. तेवढाच बुडबुडा आडव्या भागात असेल तर चूक जवळपास शून्य, कारण त्याची दोन्ही टोकं एकाच उंचीवर आहेत. काचेला चिकटलेले, ज्यांच्या बाजूने पाणी सलग आहे असे बारीक थेंबासारखे बुडबुडेही आकडा बिघडवत नाहीत, पण ते एकत्र येऊन मोठे होतात.

काढायचे कसे? प्रवाह चालू ठेवून सर्वांत उंच जागेचा हवा सोडायचा कॉक किंचित उघडा, एका वेळी एकच बाजू. पारदर्शक नळी उजेडासमोर धरा आणि खालून वर बोटाने टकटक करत जा. बुडबुडे नेहमी तीन जागी दडतात: व्हॉल्व्हच्या खांद्याशी, नळी जिथे फिटिंगवर चढते त्या पायरीशी आणि वळणाच्या माथ्यावर. कॉकमधून फसफस थांबून सलग धार आली तरी लगेच बंद करू नका, थोडं थांबा, मागून आणखी एक लाट येते. मग प्रवाह पूर्ण बंद करा. पातळ्या जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत तर अजून हवा आहे.

हवेच्या किंवा वायूच्या लाइनवर नेमकं उलटं संकट असतं: लोंबणाऱ्या नळीत साठलेलं पाणी. तो झोळ स्वतःच एक मॅनोमीटर होऊन बसतो आणि तुमच्या वाचनात आपला वाटा मिसळतो. म्हणून द्रवासाठी नळ्या सतत चढत्या किंवा सतत उतरत्या ठेवा, उंच जागी हवा काढायची सोय करा. वायूसाठी सखल जागी निचऱ्याची.

१४. लाइन चालू केली आणि सगळा द्रव उडून बाहेर गेला. असं होऊ नये म्हणून काय करायचं?

तीन व्हॉल्व्हची मांडणी वापरा: दोन बाजूंचे दोन आणि त्यांना जोडणारा मधला समतोल व्हॉल्व्ह. आधी मधला उघडा. मग जास्त दाबाच्या बाजूचा हळूहळू, मग कमी दाबाच्या बाजूचा. दोन्हीकडे दाब आल्यावरच मधला सावकाश बंद करा. काढताना सर्वांत आधी मधला उघडा. हा क्रम चुकला की पूर्ण लाइनचा दाब एका भुजेवर येतो, आणि नळी त्यासाठी केलेली नसते.

१५. पातळी सारखी वरखाली डोलते. मधला आकडा घ्यायचा का?

आधी ठरवा की डोलणं कुणाचं आहे. यू-नळीतल्या द्रवालाही स्वतःचा झोका असतो. द्रवाची एकूण लांबी १ मीटर असेल तर एका झोक्याला सुमारे १.४ सेकंद लागतात. झोका हळूहळू मंदावत थांबला तर तो नळीचा. थांबतच नसेल तर दाबच धडधडतोय, उदाहरणार्थ दट्ट्याच्या पंपामुळे.

जोडनळीत सुईव्हॉल्व्ह किंवा बारीक केशनळी बसवून डोलणं दाबता येतं, आणि दाबाची सरासरी हवी असेल तर ते पुरेसं आहे. पण त्या सरासरीवरून प्रवाह काढणार असाल तर सावध. ओरिफिस किंवा व्हेंचुरीत (मध्ये अरुंद होत जाणाऱ्या नळीत) दाबफरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. समजा अर्धा वेळ प्रवाह शून्य आणि अर्धा वेळ २ आहे. खरी सरासरी १. दाबफरकाची सरासरी मात्र ० आणि ४ यांची, म्हणजे २. त्याचं वर्गमूळ १.४१. मॅनोमीटर अगदी बरोबर आहे आणि प्रवाह ४१ टक्के जास्त निघाला! धडधड मॅनोमीटरमध्ये दाबून हा दोष जात नाही. ती लाइनमध्येच कमी करावी लागते, दाबपात्र बसवून किंवा टॅपिंग पंपापासून लांब नेऊन.

१६. ०.८२६ च्या तेलासाठी केलेल्या मॅनोमीटरमध्ये कोणीतरी पाणी भरलंय. आकडे फुकट गेले का?

नाही, दुरुस्त करता येतात. पाणी जड असल्यामुळे कमी चढतं, खऱ्या १०० च्या जागी पट्टीवर ८३ च्या आसपास दिसतं. वाचनाला ०.८२६ ने भागा. उलट झालं असेल, पाण्याच्या पट्टीत तेल, तर ०.८२६ ने गुणा. पण पाणी आणि तेल दोन्ही मिसळले असतील तर कोणताही गुणक लागू पडत नाही. रिकामा करा, धुवा, वाळवा, नव्याने भरा.

१७. उलटा यू कशासाठी असतो?

पाण्याच्या लाइनमधला दाबफरक थोडासाच असेल आणि पारा फारच कमी हलत असेल तेव्हा. यू उलटा ठेवून माथ्यावर हवा कोंडतात, लाइनमधलं पाणीच दोन्ही भुजांत चढतं. पातळ्यांतला फरक थेट मिमी पाण्यात. आणखी ताणून बघायचं असेल तर हवेऐवजी पाण्यात न मिसळणारं हलकं तेल. मग परिणामी घनता म्हणजे पाणी वजा तेल, आणि ०.८ च्या तेलाने वाचन पाचपट होतं. पटत नसेल तर प्रश्न ५ प्रमाणे नळीतून एकदा चालून बघा. लक्षात ठेवा, इथे जास्त दाबाच्या बाजूची पातळी उंच असते, सरळ यूच्या बरोबर उलट.

१८. पाइप उभा आहे, दोन टॅपिंगांमध्ये ३ मीटर उंचीचा फरक आहे. वाचनातून ३ मीटर वजा करायचे का?

करू नका. जोडनळ्यांमध्ये पाइपमधलाच द्रव, त्याच तापमानाला भरलेला असेल तर पाइपमधला ३ मीटरचा स्तंभ आणि जोडनळीतला ३ मीटरचा स्तंभ एकमेकांना तोलतात. प्रवाह बंद असताना खालच्या टॅपिंगचा दाब वरच्यापेक्षा सुमारे २९ किलोपास्कल जास्त असतो, तरीही मॅनोमीटर शून्य दाखवतो. प्रवाह चालू झाल्यावर, पाइपचा व्यास सगळीकडे सारखा असेल तर, तो दाखवतो फक्त घर्षणातला ऱ्हास. बहुतेक वेळा हवं असतं तेच. म्हणून तर व्हेंचुरीमीटर आडवा, तिरका, उभा कसाही बसवला तरी एका प्रवाहाला एकच वाचन देतो.

टॅपिंगवरच्या प्रत्यक्ष दाबांचा फरक हवा असेल तर मात्र उंचीचा वाटा हिशोबात घ्यावा लागेल. प्रवाह वर जात असेल तर वाचनात मिळवायचा, खाली येत असेल तर उंचीच्या वाट्यातून घर्षण वजा होतं. चिन्हाचा गोंधळ होत असेल तर पुन्हा चालण्याची पद्धत.

१९. पिटो नळी आणि मॅनोमीटर वापरून हवेचा वेग कसा काढू?

पिटो नळीचं एक तोंड प्रवाहाच्या सामोरं असतं, दुसरं कडेला; या दोन्हींतला दाबफरक मॅनोमीटरवर वाचा. वेग = (२ × दाबफरक ÷ हवेची घनता) याचं वर्गमूळ. १० मिमी पाणी म्हणजे ९८ पास्कल, हवेची घनता १.२ धरली तर वेग सेकंदाला सुमारे १२.८ मीटर. इथे घनता हवेची, मॅनोमीटरमधल्या द्रवाची नाही. तिचं काम मिमीचे पास्कल करण्यापुरतंच. वेग निम्मा झाला की दाबफरक चौथाई होतो, त्यामुळे कमी वेगाला प्रश्न ११ मधला तिरकाच लागेल.

२०. डिजिटल मॅनोमीटर असताना हे काचेचं कशाला ठेवायचं?

नोंदी साठवायला, पटकन बदलणारे दाब पकडायला, अवघड जागी वाचायला डिजिटलच घ्या. पण त्याचं शून्य सरकतं आणि पडद्यावर ते कळत नाही. द्रवस्तंभ फक्त घनता, उंची आणि गुरुत्व यांवर चालतो, आणि तिन्ही स्वतंत्रपणे तपासता येतात. म्हणूनच डिजिटल तपासायला तो उपयोगी. टी-जोडणीने दोन्ही एकाच नळीला लावा, तिसऱ्या तोंडाला सिरिंज लावून हळू दाब द्या. २० अंश सेल्सियसच्या पाण्यात २०० मिमी फरक आला की डिजिटलवर सुमारे १९५८ पास्कल हवेत.

बारकाईने बघायचं तर तापमानाची दुरुस्ती करा: पाणी २० अंशांवरून ४० वर गेलं की घनता ९९८.२ वरून ९९२.२ होते, ०.६ टक्के. गुरुत्वत्वरणही विषुववृत्तावर ९.७८० आणि ध्रुवावर ९.८३२, म्हणजे अर्ध्या टक्क्याचा फरक. रोजच्या कामात दोन्ही सोडून दिले तरी चालतात, कॅलिब्रेशनच्या कागदावर नाही.

२१. वायूचं वजन नेहमी सोडून देता येतं ना?

साध्या दाबाच्या हवेत, पाण्याच्या मॅनोमीटरवर, हो. १.२ विरुद्ध १०००, चूक ०.१२ टक्के. दोन ठिकाणी मात्र हे गृहीतक मोडतं.

पहिलं, जास्त दाबाचे वायू. १०० बारला, खोलीच्या तापमानाला नायट्रोजनची घनता सुमारे ११५ होते. तिथे पाण्याचा दाबफरक-मॅनोमीटर लावला आणि वायू विसरलात तर उत्तर खऱ्यापेक्षा सुमारे १३ टक्के जास्त येईल. प्रश्न ५ मधल्या १२.६ सारखंच: द्रवाची घनता वजा वरच्या वायूची घनता.

दुसरं, उंच जोडनळ्या आणि गरम वायू. चिमणीत १० मीटर उंचीच्या दोन जागांमधला दाबफरक मोजताय, आतल्या गरम वायूची घनता ०.७ आहे आणि बाहेरच्या जोडनळीत १.२ ची थंड हवा आहे असं धरा. प्रश्न १८ मधले दोन स्तंभ आता एकमेकांना तोलत नाहीत. (१.२ − ०.७) × ९.८१ × १०, म्हणजे सुमारे ४९ पास्कल निव्वळ या विषमतेचे. मोजायचा ऱ्हासच २०-३० पास्कलांचा असेल तर मॅनोमीटर उलट्या दिशेलाही झुकू शकतो. अशा वेळी नळ्या बदलू नका, यंत्रावर संशय घेऊ नका. दोन्ही स्तंभांची तापमानं मोजा, घनता काढा आणि हे ४९ पास्कल हिशोबात धरा.